लोकसभेची निवडणूक आणि पसंतीक्रमाचे मत

भारतीय राज्यघटनेने जात, धर्म, शिक्षण, मालमत्ता अथवा स्त्री-पुरुष असा कोणताही भेद न पाळता प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा अधिकार दिला आहे. प्रारंभी ह्या अधिकारासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागत. १९८९ पासून ही मर्यादा १८ वर्षांवर आली. म्हणजे जे विद्यार्थी आज नववी-दहावीच्या वर्गात बसून हा अंक चाळीत आहेत, ते तीन-चार वर्षांच्या आत मतदार झालेले असतील. मत कोणास देता येते, मतदारयादीत नाव कसे येते, मत गुप्त का ठेवावयाचे, ह्या गोष्टी नागरिकशास्त्राच्या तासाला आपण शिकतो. परंतु दिलेली मते कोणत्या रीतीने मोजावी आणि त्यांतून प्रतिनिधी कसा ठरवावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मते मोजण्याची रीत एकच आहे आणि ती सृष्टिनियमासारखी अढळ आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. मोजण्याची रीत बदलली की लोकांच्या आवडीनिवडी त्याच असूनही निवडून येणारी माणसे बदलतात. म्हणून लोकसभेच्या निवडणुकीची प्रचलित पद्धत कशी आहे, तिच्यात कोणते दोष आहेत आणि तिच्या जागी कोणती पद्धत यावी असे आम्हांस वाटते, ह्याचा येथे क्रमाने विचार करू.

लोकसभेच्या निवडणुकीसाठी देशाचे ५४३ मतदारसंघ केलेले आहेत. प्रत्येक मतदारसंघातून एकच सभासद निवडून जातो आणि ज्या उमेदवारास इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा अधिक मते पडतात तो विजयी होतो. ही पद्धत आपण इंग्लंडकडून घेतली. ती समजावयास सोपी आहे, मतमोजणी लवकर उरकते आणि आपल्या भागाचा प्रतिनिधी कोण हे प्रत्येकास ठाऊक असते. हे तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'इतरांपेक्षा अधिक' आणि 'निम्म्याहून अधिक' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. एक उदाहरण घेऊ. एका गावात शंभर मतदार आहेत आणि गावच्या डोंगरावर खाण सुरू व्हावी की नाही हा वादाचा विषय आहे. खाणीच्या बाजूचा एक उमेदवार उभा राहिला. विरोधी बाजूचे मात्र दोघे उभे राहिले. पहिल्यास ४०, दुसऱ्यास ३५ आणि तिसऱ्यास २५ मते पडली. गावातील साठ माणसांना खाण नको आहे, तरी निवडून येतो तो खाण हवी म्हणणारा. येथे कोणी लबाडी केली नाही, कोणी खोटे मत दिले नाही. दोष मोजण्याच्या रीतीत आहे.

दोनच पर्याय असतील तेव्हा हा दोष उद्भवत नाही. आम्हां गोवेकरांस ह्याचे एक चांगले उदाहरण ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी जो जनमत कौल घेण्यात आला, त्यात 'फूल' व 'दोन पाने' अशी दोनच चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हावे ह्या बाजूस १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे ह्या बाजूस १,७२,१९१ मते पडली. तो निकाल कोणास रुचला, कोणास रुचला नाही. परंतु बहुमत कोणत्या बाजूस आहे ह्याविषयी वाद उरला नाही. आता अशी कल्पना करा, की त्याच मतपत्रिकेवर 'ताबडतोब स्वतंत्र राज्य' असे तिसरे चिन्ह असते. वेगळे राहू इच्छिणाऱ्यांची मते संघप्रदेश आणि राज्य ह्यांत विभागली जाऊन, विलीनीकरणाची बाजू अल्पमतात असूनही पहिली ठरू शकली असती. एक जादा चिन्ह छापल्याने लाखो लोकांच्या भवितव्याचा निर्णय उलटू शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. लोकसभेच्या निवडणुकीत तर तीन नव्हे, दहा-पंधरा उमेदवार उभे असणे नित्याचेच आहे.

हा दोष एका मतदारसंघापुरता राहत नाही. तो देशभर साठत जातो. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ मधील पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते पडली आणि लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा मिळाल्या. म्हणजे मते निम्म्याहून कमी, तर जागा सुमारे तीन-चतुर्थांश. त्याच निवडणुकीत समाजवादी पक्षाला सुमारे साडेदहा टक्के मते मिळूनही त्याचे केवळ १२ सभासद निवडून आले, तर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मते मिळविणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे १६ आले. १९८४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सात टक्क्यांहून अधिक मते पडली, पण जागा दोनच मिळाल्या. त्याच वेळी तेलुगू देशम पक्षाने चार टक्क्यांच्या आसपास मतांवर ३० जागा जिंकल्या. पुढे २०१४ मध्ये त्याच भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा, म्हणजे स्वबळावर बहुमत मिळाले. आणि चार टक्क्यांहून अधिक मते मिळविणाऱ्या बहुजन समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ही पद्धत कोणा एका पक्षाची मित्र अथवा शत्रू नाही. आज जो तिचा लाभ घेतो तोच उद्या तिच्याखाली भरडला जातो. म्हणून तिच्यावर टीका करणे म्हणजे अमुक पक्षाची बाजू घेणे, असे कोणी समजू नये.

कधी कधी तर अधिक मते मिळविणारा पक्ष मागे पडतो आणि कमी मते मिळविणारा पुढे जातो. गोव्याच्या विधानसभेच्या २०१७ मधील निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे साडेबत्तीस टक्के मते व १३ जागा मिळाल्या. काँग्रेसला सुमारे साडेअठ्ठावीस टक्के मते व १७ जागा मिळाल्या. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला अधिक मते पडूनही सत्ता नॅशनल पक्षाकडेच राहिली. तेथील लोकांनी ह्या प्रकारावर विचार करून १९९३ साली सार्वमताने मतदानाची पद्धतच बदलली. नवी पद्धत १९९६ पासून तेथे चालू आहे.

असे का व्हावे? कारण ह्या पद्धतीत किती मते मिळाली ह्याइतकेच ती कोठे मिळाली ह्याला महत्त्व आहे. ज्यांची वस्ती एका ठिकाणी एकवटलेली आहे त्यांना थोड्या मतांवर जागा मिळते. जे विखुरलेले आहेत त्यांना पुष्कळ मते असूनही काही मिळत नाही. मराठी वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. बेळगावच्या आसपास मराठी बोलणारी माणसे एकवटून राहतात, म्हणून तेथील निवडणुकीत त्यांच्या मताला वजन असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मराठी भाषक शहरभर विखुरलेले आहेत. आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नावर केवळ आपल्या मतांच्या बळावर एक प्रतिनिधी निवडून देणे त्यांस शक्य नाही. आमची घरची भाषा कोकणी आणि शिकविण्याची भाषा मराठी. भाषेच्या नावाने मतदारांचे कप्पे पाडावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु जे भाषकांविषयी खरे आहे तेच कोळी, कारागीर, खाणकामगार अथवा एखाद्या नव्या विचाराचे तरुण ह्यांच्याविषयीही खरे आहे. मतदारसंघाच्या सीमा नकाशावर कोठून ओढल्या आहेत, ह्यावर एखाद्या विचाराला संसदेत आवाज मिळावा की नाही हे ठरू नये.

ह्या दोषावर उपाय शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे ह्यांनी १८५५ च्या सुमारास आणि इंग्लंडमध्ये टॉमस हेअर ह्यांनी त्यानंतर दोन-चार वर्षांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ सारखीच युक्ती सुचविली. विख्यात तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी १८६१ मध्ये आपल्या ग्रंथातून हेअर ह्यांच्या योजनेचा जोरदार पुरस्कार केला. ह्या पद्धतीला आपल्या राज्यघटनेत 'एकल संक्रमणीय मत' असे भारदस्त नाव आहे. आम्ही तिला येथे 'पसंतीक्रमाचे मत' असे म्हणू.

ही पद्धत अशी. एका मतदारसंघातून एकाऐवजी तीन, चार अथवा पाच प्रतिनिधी निवडावयाचे. मतदाराला मत एकच, पण त्याने मतपत्रिकेवर आपल्या आवडीच्या उमेदवारापुढे १, त्याच्या खालोखाल आवडणाऱ्यापुढे २, नंतर ३, असे आकडे घालावयाचे. सर्वांपुढे आकडे घालण्याची सक्ती असण्याचे कारण नाही. ज्याला फक्त १ घालावयाचा असेल त्याने तेवढाच घालावा. निवडून येण्यासाठी किती मते लागतील हे आधी ठरवितात. त्यासाठी एकूण मतांना जागांच्या संख्येपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून भागाकारात एक मिळवितात. शंभर मते आणि तीन जागा असतील तर शंभराला चाराने भागून आलेल्या पंचविसात एक मिळवावयाचा, म्हणजे २६. एक का मिळवावयाचा, असे कोणी विचारील. प्रत्येकी पंचवीस मते चौघांना मिळू शकतात, पण प्रत्येकी सव्वीस मते शंभरात तिघांनाच मिळू शकतात, चौघांना नाही. म्हणून २६ ही विजयाला पुरेशी असलेली लहानांत लहान संख्या होय.

आता मोजणी पाहू. शंभर मतदार, तीन जागा आणि अ, ब, क, ड, इ असे पाच उमेदवार आहेत असे धरू. अ आणि ड हे दोघे एकाच विचाराचे आहेत. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: अ ला ३९, ब ला २२, क ला १७, ड ला १२ आणि इ ला १०. अ ला २६ हून अधिक मते आहेत, म्हणून तो निवडून आला. त्याच्याजवळ १३ मते गरजेपेक्षा जास्त आहेत. प्रचलित पद्धतीत ही मते फुकट जातात. येथे ती मतदाराच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. अ च्या ३९ मतपत्रिका तपासल्या तेव्हा २७ जणांची दुसरी पसंती ड ला आणि १२ जणांची ब ला असल्याचे आढळले. जास्तीची मते १३ म्हणजे ३९ चा तिसरा हिस्सा. म्हणून प्रत्येक मतपत्रिकेचा तिसरा हिस्सा पुढे जातो: ड ला ९ आणि ब ला ४. आता ब ची मते २६ झाली आणि तोही निवडून आला. ड ची २१ झाली, क ची १७ आणि इ ची १० आहेत. तिसरी जागा भरावयाची आहे, पण २६ कोणाचीच नाहीत. म्हणून सर्वांत मागे असलेला इ बाद होतो आणि त्याच्या दहा मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. त्यांपैकी पाचांवर पुढची पसंती ड ला व पाचांवर क ला होती. ड ची मते २६ झाली, क ची २२ राहिली. तेव्हा अ, ब आणि ड हे तिघे निवडून आले. बेरीज करून पाहावी: २६, २६, २६ आणि २२ मिळून शंभर.

ह्या मोजणीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की अ व ड ह्यांच्या विचाराच्या मतदारांची संख्या शंभरात एकावन्न होती आणि तीनपैकी दोन जागा त्या विचाराला मिळाल्या. केवळ पहिले तीन आकडे पाहून जागा दिल्या असत्या तर अ ला एकट्यालाच इतकी मते पडल्याची शिक्षा त्याच्या बाजूला भोगावी लागली असती. दुसरी गोष्ट अशी, की शेवटी शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर मते कोणा ना कोणा विजयी उमेदवाराच्या कामी आली. हाच एका जागेचा मतदारसंघ असता आणि अ ३९ मतांवर विजयी झाला असता, तर एकसष्ट मतदारांना आपण निवडलेला असा प्रतिनिधीच नसता. शिवाय इ च्या मतदारांनी आपले मत वाया जाईल ह्या भीतीने मन मारून दुसऱ्याच कोणाला मत दिले नाही. त्यांनी मनातल्या उमेदवाराला पहिली पसंती दिली. तो हरला, तरी त्यांचा शब्द निकालात राहिला.

ही पद्धत परकी आणि अननुभूत आहे, असा कोणाचा समज असेल तर तो दूर करावयास हवा. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक पसंतीक्रमानेच होते. राज्यसभेचे बहुतेक सभासद विधानसभांचे आमदार ह्याच रीतीने निवडतात. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण ह्या राज्यांत विधानपरिषदा आहेत आणि त्यांच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत हजारो साधे मतदार मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे घालतात. बेळगावकडील आमच्या शिक्षकबंधूंना ह्याचा चांगला परिचय आहे. दुसऱ्या पसंतीच्या मतांनी देशाचा सर्वोच्च निकाल ठरल्याचेही उदाहरण आहे. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी वराहगिरी वेंकट गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. निवडून येण्यास ४,१८,१६९ हवे होते. तेवढे कोणाकडेच नव्हते. तेव्हा बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. त्यांतून रेड्डींना ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींना केवळ १८,५६२ ची; तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचून विजयी झाले. देशमुखांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही आणि निवडून आलेल्या राष्ट्रपतींमागे निम्म्याहून अधिक मतमूल्य उभे राहिले.

मग राष्ट्रपती निवडताना जी काळजी आपण घेतो, ती लोकसभा निवडताना का घेऊ नये? आमची सूचना अशी आहे. मोठ्या राज्यांत प्रत्येकी तीन ते पाच जागांचे मतदारसंघ करावे. महाराष्ट्राच्या ४८ जागांसाठी चार-चार जागांचे बारा मतदारसंघ होऊ शकतील. ज्या राज्याला दोनच जागा आहेत, उदाहरणार्थ आमचे गोवा, तेथे संपूर्ण राज्याचा दोन जागांचा एकच मतदारसंघ असावा. म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक मतदार ज्याच्यामागे असतील तो निश्चित निवडून येईल. सिक्कीम, नागालँड, मिझोराम ह्यांना एकेकच जागा आहे. तेथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व शक्य नाही. परंतु राष्ट्रपतींच्या निवडणुकीप्रमाणे पसंतीक्रम घेऊन निदान निम्म्याहून अधिकांचा प्रतिनिधी तरी निवडता येईल. कोणत्या राज्याला किती जागा, ह्या प्रश्नाला ही सूचना हात लावीत नाही. ह्यासाठी राज्यघटना बदलावी लागेल असेही दिसत नाही. लोकसभेची रचना सांगणाऱ्या ८१ व्या अनुच्छेदात एका मतदारसंघाला एकच जागा असावी असे बंधन नाही. निवडणुकीसंबंधी कायदे करण्याचा अधिकार ३२७ व्या अनुच्छेदाने संसदेला दिलेला आहे. एक मतदारसंघ, एक सभासद हा नियम संसदेच्या कायद्यातला आहे. पहिल्या दोन निवडणुकांत दोन सभासदांचे मतदारसंघ होतेही. ते १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे आणखीही प्रकार आहेत. काही देशांत मतदार उमेदवाराला नव्हे, तर पक्षाच्या यादीला मत देतात. नेपाळात प्रतिनिधिसभेच्या २७५ जागांपैकी १६५ जागा मतदारसंघांतून आणि ११० याद्यांतून भरण्याची मिश्र पद्धत घटनेने घातली आहे. आपल्या विधी आयोगानेही १९९९ मध्ये लोकसभेच्या जागा एक-चतुर्थांशाने वाढवून त्या याद्यांतून भराव्या, असे सुचविले होते. यादीची पद्धत मोजावयास सोपी आहे. परंतु यादीत कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली हे पक्षाचे पुढारी ठरवितात. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभासदाचे पक्षाशी बंधन आधीच घट्ट झाले आहे. त्यात यादीची भर पडल्यास तो मतदाराकडे पाहावयाचे सोडून वरच्याकडेच पाहू लागेल. पसंतीक्रमात एका पक्षाच्या तीन उमेदवारांपैकी कोण बरा हेही मतदारच ठरवितो, आणि अपक्षालाही न्याय मिळतो. म्हणून आम्ही ह्या पद्धतीच्या बाजूचे आहोत.

आता आक्षेपांकडे वळू. ते नवे नाहीत आणि क्षुल्लकही नाहीत. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी लोकसभेसाठी अनेक जागांचे मतदारसंघ व प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे अशी दुरुस्ती मांडली होती. तिला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी दोन मुख्य अडचणी दाखविल्या. एक अशी, की ही पद्धत मतदार साक्षर आहे असे धरून चालते आणि आपल्याकडे साक्षरता अत्यल्प आहे. दुसरी अशी, की तिच्यामुळे संसदेत अनेक लहान गट होऊन सरकार स्थिर राहणार नाही. दुरुस्ती नामंजूर झाली. त्या वेळच्या परिस्थितीत बाबासाहेबांचे म्हणणे वजनदार होते. १९५१ च्या जनगणनेत शंभरात अठरा माणसे साक्षर होती. २०११ च्या जनगणनेत ही संख्या त्र्याहत्तरापर्यंत आली. ज्याला उमेदवाराचे चिन्ह ओळखता येते आणि एक ते चार आकडे लिहिता येतात, त्याला पसंतीक्रम देता येईल. जे अजून निरक्षर आहेत त्यांचे एकच खुणेचे मतही पहिली पसंती म्हणून धरता येईल. पहिली अडचण नाहीशी झाली नाही, पण ती पुष्कळ लहान झाली आहे.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. ह्या पद्धतीत एका पक्षाला स्वबळावर बहुमत क्वचितच मिळेल आणि संयुक्त सरकारे नित्याची होतील. लहान पक्ष पाठिंब्याची किंमत मागतील, हेही संभवते. परंतु प्रचलित पद्धतीने तरी स्थैर्याची हमी दिली आहे काय? १९८९ ते २००९ ह्या काळातील सातही लोकसभा निवडणुकांत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही; २०२४ मध्येही मिळाले नाही. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन निवडणुका साडेतीन वर्षांत झाल्या. म्हणजे संयुक्त सरकार आपण टाळू शकलो नाही आणि मतांचे प्रमाणही राखले नाही. आयर्लंडमध्ये पसंतीक्रमाची पद्धत १९२२ पासून चालू आहे. ती रद्द करावी असा प्रस्ताव तेथील सरकारने १९५९ आणि १९६८ मध्ये लोकांपुढे ठेवला. दोन्ही वेळा लोकांनी तो फेटाळला. पद्धत जाचक असती तर तिच्याखाली राहणाऱ्यांनीच ती दोनदा वाचविली नसती.

तिसरा आक्षेप आकाराचा. २०२४ मध्ये देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. एका जागेमागे ते सुमारे १८ लाख पडतात. चार जागांचा मतदारसंघ केला तर त्यात सत्तर लाखांहून अधिक मतदार येतील. सगळ्या गोव्याचे मतदार बारा लाखांच्या आत आहेत, ह्यावरून ह्या आकाराची कल्पना यावी. एवढ्या प्रदेशात प्रचार करणे गरीब उमेदवाराला जड जाईल, हे आम्ही मान्य करतो. मात्र ह्याची दुसरी बाजूही आहे. आज ज्याला आपला खासदार ऐकत नाही त्याला दुसरे दार नाही. चार खासदार असतील तर निदान एक तरी त्याच्या विचाराचा असेल आणि चौघांनाही एकमेकांची धास्ती राहील.

चौथा प्रश्न राखीव जागांचा. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ व अनुसूचित जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत आणि त्या तशाच राहिल्या पाहिजेत. चार जागांपैकी एक राखीव असेल तर मोजणीचा एवढाच नियम करावा लागेल, की राखीव जागा भरेपर्यंत त्या वर्गातील शेवटच्या उमेदवाराला बाद करता येणार नाही. त्या वर्गाचे उमेदवार ह्याहून अधिक जागा जिंकले तर त्या त्यांच्याच. असे पूर्वी घडलेही आहे. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम ह्या दोन जागांच्या मतदारसंघात दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले तेच वराहगिरी वेंकट गिरी पराभूत झाले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल कायद्याला धरून असल्याचे ठरविले.

शेवटचा आक्षेप सोयीचा. मतदानयंत्रावर आज एकच कळ दाबावयाची असते. पसंतीक्रमासाठी यंत्र बदलावे लागेल अथवा मतपत्रिकेकडे परत जावे लागेल. मोजणीला काही तासांऐवजी काही दिवस लागतील. आयर्लंडमध्ये ते लागतातच. पाच वर्षांसाठी प्रतिनिधी निवडावयाचे, तर निकालासाठी पाच दिवस थांबणे फार नव्हे.

ह्या पद्धतीने प्रामाणिक माणसेच निवडून येतील, पैशाचा प्रभाव जाईल, जातीच्या नावाने मते मागणे थांबेल, असे आम्ही म्हणत नाही. ती कामे दुसऱ्या उपायांची आहेत. तराजू बरोबर असला म्हणजे माल चांगला येतो असे नाही. परंतु तराजूच चुकीचा असेल तर चांगला मालही खोटाच तोलला जातो. आमचे म्हणणे एवढेच, की पहिल्याने तराजू बरोबर करावा.

संसदेने हे कधी करावे हे आपल्या हाती नाही. परंतु एक गोष्ट आपल्या हाती आहे. पुढील वर्षी आपल्या शाळेच्या विद्यार्थिमंडळाची निवडणूक पसंतीक्रमाने घ्यावी, अशी आमची मुख्याध्यापकांस व विद्यार्थ्यांस विनंती आहे. समजा, ३६० विद्यार्थी मते देणार आणि पाच प्रतिनिधी निवडावयाचे. तर विजयासाठी ३६० भागिले ६, अधिक १, म्हणजे ६१ मते लागतील. मोजणी दहावीच्या मुलांनी गणिताच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली सर्वांसमक्ष फळ्यावर करावी. त्याच मतपत्रिकांवरील केवळ पहिल्या पसंती जुन्या पद्धतीने मोजून दुसरा निकालही शेजारी लिहावा. दोन्ही निकाल सारखे आले तर आमचा दावा त्या दिवसापुरता सैल पडेल. वेगळे आले तर कोणता निकाल शाळेच्या मनाशी अधिक जुळतो, ह्याचा निर्णय विद्यार्थ्यांनी स्वतः चर्चा करून करावा. त्या चर्चेचा वृत्तांत पुढील वार्षिक अंकात छापण्यासाठी दोन पाने राखून ठेवावी, अशी संपादकांस सूचना आहे.